पुढच्या दाराचं सोंग

१

लहान पोरांचा हॅलोवीन घरच्या घरी, दिवसाउजेडी, मजेत आणि कुणाला इजा न होता करता येतो. मी केला. तो तसा करायची वेळ का आली ते आधी ऐका, म्हणजे नंतर माझ्याकडे बोट दाखवायला कोणी यायला नको.

माझा नवरा या बेटावरचा. मी ग्लासगोची, शहरातली. लग्न होऊन आले तेव्हापासून दर ऑक्टोबर सरता सरता इथला हा तमाशा बघतेय. गावातली धट्टीकट्टी माणसं तोंडावर मेंढीचं कातडं बांधतात, डोक्यावर गवताच्या झिपऱ्या लावतात आणि सरळ घरात शिरतात. बोलायचं नाही. स्वयंपाकघरातल्या बाकावर जाऊन बसायचं आणि घरच्यांनी ओळखेपर्यंत हलायचं नाही. नाव बरोबर आलं की कातडं काढायचं, हसायचं, खायचं-प्यायचं, पुढच्या घरी जायचं. याला म्हणे सोंगं येणं. म्हाताऱ्याकोताऱ्या वर्षभर त्याची वाट बघतात.

माझी सासू एफी त्यात सगळ्यांच्या पुढे. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिला ओळखता आलं नाही असं सोंग जन्माला यायचंय. नुसत्या बसण्यावरून सांगते, हा अमका, ती तमकी. आणि मला एकही कधी ओळखता आलं नाही, हे तिनं दुकानात, चर्चमध्ये, बोटीच्या धक्क्यावर सगळीकडे सांगून ठेवलंय. एकदा तर एवन, माझा स्वतःचा नवरा, कातडं बांधून पुढ्यात बसला होता आणि मी पोस्टमनचं नाव घेतलं. झालं! ती गोष्ट लोक अजून चघळतात.

गेल्या वर्षी आमची इश्बेल तीन वर्षांची होती. सोंगं येऊन बाकावर बसली तशी पोरगी माझ्या मानेला अशी चिकटली की नखं उमटली. पुढे कित्येक दिवस झोपेतून उठायची आणि रिकाम्या बाकाकडे बोट दाखवायची. तेव्हाच मी ठरवलं, पुढल्या वर्षी हे थेर माझ्या घरात नकोत.

"पोरीला भित्रट करून ठेवशील," एफी म्हणाली.

"भित्रट झाली तरी चालेल, आई. झोपेल तरी."

"झोपेल, झोपेल. जागी कधी होणार तेवढं बघ."

तिला असंच बोलता येतं. सरळ म्हणून बोलायचं नाही.

२

तर यंदा मी शेजारच्या डॉलीनाला सांगितलं, तुझी दोन्ही पोरं दुपारी माझ्याकडे आण. तिचा लॅखी इश्बेलच्याच वयाचा, मोर्वन त्याहून लहान. एवन मासेमारीच्या बोटीवर गेलेला, त्यामुळे घर आमचंच. डॉलीना खूश झाली. एफीला कोणी बोलावलं नव्हतं, पण तिचं घर शेतापलीकडे, आमच्या खिडकीतून दिसणारं. ती आलीच.

मी सगळा विचार करून ठेवला होता. इथे सलगम कोरून आत दिवा ठेवतात, पण कोरायला सुरी लागते, म्हणून सलगमला नुसते रंग फासायचे. मेणबत्ती नको, शेजारी बॅटरीचा छोटा दिवा. द्राक्षं उभी चिरलेली, घशात अडकायला नकोत. काळ्या कागदाची वटवाघळं, बोथट कात्र्या. घंगाळात पाणी भरून तरंगती सफरचंदं दातांनी धरायची इथली रीत, पण एवढ्याशा पोरांची डोकी पाण्यात कोण घालेल? मी परातीत कोरडीच ठेवली.

"कोरडी सफरचंदं!" एफी खुर्चीतून म्हणाली. "उद्या एवनलाही सांग, मासे वाळूतच धर म्हणून."

डॉलीना तोंड फिरवून हसली. मला दिसलं.

सोंगांचा खेळ मात्र ठेवायचा होता. इश्बेलच्या मनातली भीती जायची तर तोच खेळ हसत खेळत व्हायला हवा, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. जुन्या चादरी कापून मी तिघांना घोट्यापर्यंत येतील एवढ्या केल्या. डोळ्यांची भोकं चांगली मोठी ठेवली, आणि धागे सुटून डोळ्यांत जायला नकोत म्हणून लाल दोऱ्यानं शिवून घेतली. आदल्या दिवशी अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

आणि नियम बदलला. लहान पोरांना नाही म्हटलेलं सोसत नाही, हरलं की लॅखी जमिनीवर लोळतो. म्हणून मी तिघांना समोर बसवून समजावलं, "मी ओळखेपर्यंत बोलायचं नाही, चादर काढायची नाही. आणि मी कुठलंही नाव घेतलं तरी मान हलवून हो म्हणायचं. पोस्टमन म्हटलं तरी हो. मेंढा म्हटलं तरी हो. मग कोणीच हरणार नाही."

इश्बेलनं सगळं नीट ऐकलं. तिला नियम भारी आवडतात. एखादी गोष्ट सांगितली की ती तशीच करणार, मग आभाळ कोसळू दे.

"कोणी काहीही म्हटलं तरी हो?" एफी म्हणाली. "मग ओळखलं कशाला म्हणायचं?"

"खेळ आहे, आई."

"खेळ आहे म्हणूनच विचारते. अति शहाणी, तिचा बैल रिकामा."

मी दोरीला टांगायचे स्कोन, म्हणजे इथले जाडसर पाव, काकवीत बुडवत राहिले.

३

स्कोन खाऊन झाले. हात न लावता, उड्या मारून, तोंडभर काकवी फासून. हसून हसून पोरांची पोटं दुखली. मग डॉलीना तिघांना मागच्या पडवीत घेऊन गेली, चादरी घालायला. मी दिवा मालवला. बाहेर उजेड होता, पण या दिवसांत इथला उजेड दुपारीच थकलेला असतो. चुलीचा लालसर प्रकाश, सलगमांशेजारचे दिवे, आणि वारा.

पहिला लॅखी. तो आत शिरायच्या आधीच खिदळत होता. बाकावर चढताना चादरीत पाय अडकून पडला.

"हा कोण बाई? पोस्टमन का?"

मान हलली.

"छे, हा तर मेंढा!"

मान हलली. चादर गदागदा हसत होती.

"हा आपला लॅखी!"

चादर उडाली, टाळ्या. मग मोर्वन. तिचं चालू असताना पुढच्या दारावर ठक ठक झालं. आमचं पुढचं दार कोणी वापरत नाही. समुद्राच्या वाऱ्यानं लाकूड फुगून ते चौकटीत घट्ट बसलंय, आणि एफीचा मेंढा येऊन त्याला शिंगं घासत असतो. आवाज खालूनच येत होता.

"आई, तुमच्या मेंढ्याला आवरा हो कोणीतरी," मी म्हटलं. एफी पडवीच्या दाराकडे बघत होती.

तिसरी चादर आत आली.

ती हसत नव्हती. बाक लहान पोरांना उंच पडतो, दोघांनाही चढावं लागलं होतं. ही कशी बसली ते मला दिसलं नाही. आली, आणि बसलेली होती. चादरीचा खालचा भाग ओला होता, चांगला गुडघ्यापर्यंत.

"ओल्यात गेली होतीस का गं?" मी हळूच विचारलं. मान हलली.

खेळ पुढे न्यायचा म्हणून मी आवाज चढवला, "आता हा कोण बरं? हा तर पोस्ट..."

मान हलली. माझा शब्द पुरा व्हायच्या आत.

लॅखी हसला. मोर्वन येऊन माझ्या मांडीला बिलगली. मला वाटलं, बरोबर आहे, इश्बेलला पुढचा शब्द ठाऊक आहे. घाई झालीय बिचारीला. चार वर्षांचं पोर, किती वेळ दम धरणार?

"थांब, ऊना," एफी म्हणाली.

तिनं मला नावानं हाक मारली. आजवर मी 'ग्लासगोवाली'च होते.

"नाव घेऊ नकोस एवढ्यात."

"का?"

ती खुर्चीत पुढे सरकली होती. किती वेळ नुसती बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला ओळखता येत नाहीये."

काय सांगू तुम्हाला! हे तिच्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं तरसले होते. एवढी मोठी ओळखणारी, आणि नातीपाशी येऊन अडली! पुढच्या दारावर पुन्हा ठक ठक झालं. मी तिकडे लक्षच दिलं नाही. माझ्या अंगात वारं शिरलं होतं.

"तुम्हाला नसेल येत, आई. मला येतं. माझी लेक मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? ही माझी इश्बेल!"

या वेळी मान लगेच हलली नाही. माझं बोलणं संपू दिलं, मग थोडं थांबून, एकदाच, सावकाश हलली.

दारावरचा आवाज बंद झाला.

मी चादर ओढली. इश्बेल. कपाळाला चिकटलेले केस, गालावर काकवीचा डाग. माझ्याकडे बघून हसली. मी तिला उचललं आणि एफीकडे असं बघितलं की बस्स.

४

डॉलीना घाईत होती. तिचा फोन वाजत होता म्हणून ती खेळाच्या वेळी बाहेर गाडीपाशी गेली होती, तिथून आली ती पोरांना घेऊन मागच्या दारानंच निघाली. मी आवरायला लागले. इश्बेल टेबलापाशी बसून वटवाघळं रंगवत होती. एफी जागची उठली नव्हती. तिच्या चहावर साय धरली होती.

"दूध देऊ?" मी इश्बेलला विचारलं. मान हलली.

"की नको?" मान हलली.

मी हसले. "खेळ संपला गं बाळा. आता तोंडानं बोल."

मान हलली.

चार वर्षांची पोरं एकच थट्टा दिवसभर चालवतात, हे कोणत्याही आईला विचारा. मी भांडी घासत होते. पाठ तिच्याकडे होती.

"तू लॅखी आहेस ना?" वळून बघितलं. मान हलत होती.

"तू मेंढा आहेस ना?"

हो.

"तू इश्बेल आहेस ना?"

हो. मान तेवढीच हलली. कमी नाही, जास्त नाही.

मी चादरी गोळा केल्या, धुवायला टाकाव्यात म्हणून. लॅखीची, मोर्वनची. तिसरी हातात घेतली तशी जड लागली. ती चादर नव्हतीच. जाडंभरडं लोकरीचं कापड, जुनं, आतून बाहेरून भिजलेलं. डोळ्यांच्या जागी भोकं होती, पण लाल दोरा कुठेच नव्हता. कात्रीनं कापलेलीही नव्हती. झिजून पडली असावीत तशी.

"आई, हे तुम्ही दिलंत का तिला?"

"मी खुर्चीतून उठले तरी का?"

"मग पडवीत पडलं असेल. बोटीचं काही असेल एवनचं."

"असेल," एफी म्हणाली. तिला माझ्याशी वाद घालायचा नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

मी डॉलीनाला फोन लावला. आवाज होता होईल तेवढा साधा ठेवला. "अगं, इश्बेलला चादर कुठली घातलीस?"

"तूच शिवलेली की. लाल डोळ्यांची. काय गोड दिसत होती! मला म्हणते कशी, खरी सोंगं बाहेरून येतात, मी पुढच्या दारानं येणार. मी म्हटलं ते दार उघडत नाही राणी, जाऊ नकोस. तेवढ्यात माझा फोन वाजला. का गं? तू ओळखलंस ना तिला?"

"हो," मी म्हटलं. "ओळखलं."

फोन ठेवला. इश्बेलनं हातातला रंगीत खडू खाली ठेवला होता आणि ती माझ्याकडे बघत होती.

५

पुढचं दार मी आतून दोनदा ओढून पाहिलं. हललं नाही. मागून निघाले आणि घराला वळसा घालून धावले. आभाळात उजेड थोडाच उरला होता. वारा समोरून येत होता, त्यात पाऊस नव्हता, नुसतं खारट गार.

ती दारासमोर उभी होती. एवढीशी. चादर वाऱ्यानं अंगाला चिकटलेली, डोळ्यांभोवती माझा लाल दोरा. दार ठोठावून ठोठावून शेवटी नुसती उभी राहिलेली. माझी चाहूल लागली तशी वळली आणि हात दोन्ही बाजूंना सरळ धरून थांबली. बोलली नाही. कशी बोलेल? मी ओळखलं कुठे होतं?

किती वेळ उभी होती पोर! आम्ही आत टाळ्या वाजवत होतो, तेव्हाही.

मी गुडघ्यांवर बसले. "इश्बेल," मी म्हटलं.

मान हलली नाही.

"इश्बेल, अगं मी म्हटलं ना नाव. हो म्हण."

ती तशीच. मी कुठलंही नाव घेतलं असतं तर मान हलली असती, पोस्टमन म्हटलं असतं तरी. त्या एकाच नावाला हलत नव्हती. मग मी चादर दोन्ही हातांनी धरली आणि वर ओढली.

लहान मुलगी होती. थंडीनं ओठ निळे पडलेले. नाक, डोळे, केस, सगळं जागच्या जागी, आणि मला त्यातलं काही ओळखीचं वाटेना. जत्रेत गर्दीत भलत्याच पोराचा हात धरावा आणि खाली बघावं, तसं झालं. मी पुन्हा बघितलं. डोळे मिटून उघडले. चेहरा आहे तिथेच होता, आणि माझा नव्हता.

तिनं दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून.

"कोणाची गं तू?" मी विचारलं.

अहो, तोंडातून गेलं! पोरीचं तोंड वाकडं झालं. रडायचा आवाज आला नाही, नुसते खांदे उडायला लागले. "मम्मी," ती म्हणाली, "आता तरी ओळख ना."

मी मागे सरकले. हो, सरकले. आत माझी इश्बेल बसली होती, गालावर काकवी घेऊन, तिचा तीळ न तीळ मला पाठ. आणि ही कोण? तुम्ही असतात तर काय केलं असतं? आम्ही दोघी तशाच, ती हात वर करून आणि मी जमिनीला हात टेकून.

एफी घराला वळसा घालून आली. तिनं एकदा बघितलं आणि सरळ चालत पोरीपाशी गेली. अंगातला लोकरी कोट काढला, तिच्याभोवती गुंडाळला, उचललं.

"माझी बाय गं ती," ती म्हणाली. "हात बघ कसे बर्फ झालेत." मग माझ्याकडे न बघता, "जा आत. तुझी पोर एकटी आहे."

"आई, कोण आहे ही?"

"तू नाव देऊन बसलीस. आता मला काय विचारतेस?"

आणि ती शेतातून तिच्या घराकडे चालायला लागली. तिच्या खांद्यावरून तो चेहरा माझ्याकडे बघत राहिला. स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही कोणीतरी बघत होतं. काचेच्या खालच्या कडेला नुसतं कपाळ आणि डोळे दिसत होते. मी बघितलं तशी मान हलली. मी काहीच विचारलं नव्हतं.

६

एवन बोटीवरून आला. इश्बेल धावत गेली, त्यानं तिला उचललं, गोल फिरवलं. "किती शहाणी झालीय गं," म्हणाला, "हट्ट म्हणून नाही." मी त्याला सांगितलं नाही. काय सांगणार? बापाला पोर ओळखता येतं, आणि त्यानं हिलाच ओळखलं.

एफी आमच्याकडे येत नाही. तिच्या घरी एक मुलगी आहे. नात्यातल्या कोणाची तरी, असं ती म्हणते, आणि गावात कोणी पुढे विचारत नाही. मला कोणी तोंडावर विचारलं असतं तर मी भांडले तरी असते. दुकानात मी एकदा कान देऊन ऐकलं. ती पोरीला नुसतं 'बाय' म्हणते. नाव घेत नाही.

मी मनाला समजावत होते. थंडी, अंधार, घाबरलेलं पोर, कोणाचंही असेल, वाट चुकून आलं असेल. दिवस जातील तसं पटत जाईल, असं वाटत होतं. पटत आलंही होतं.

आज सकाळी भांडी घासता घासता खिडकीतून बघितलं. एफी कोंबड्यांना दाणे टाकायला निघाली होती आणि पोरगी तिच्या मागून चालली होती, पाठमोरी. वाटेत पाण्याचा चर आहे. तिथे ती थांबली. दोन्ही पाय जुळवले, हात मागे नेले, आणि उडी मारली. पलीकडे पडली ती नीट, आणि लगेच एफीकडे बघितलं, आपली उडी दिसली ना म्हणून.

माझ्या हातातलं ताट पडलं. डोक्याला काही कळायच्या आत पोटातून कळलं. माझी. माझी पोर ती. बसण्यावरून नाही, चेहऱ्यावरून नाही, कशावरून ते मला विचारू नका. मी ओल्या हातांनी दार उघडलं, उंबऱ्याबाहेर पडले आणि जीव खाऊन ओरडले, "इश्बेल!"

वारा माझ्याच बाजूनं होता. हाक तिथवर पोचली, कारण एफी थांबली, वळली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. पोरगी वळली नाही. तिनं मानसुद्धा उचलली नाही. दुसऱ्याच कोणाला हाक मारावी, तशी ती चरापाशी खडे वेचत राहिली. एफीनं तिचा हात धरला आणि दोघी चालायला लागल्या.

माझ्या मागून, अगदी जवळून, कोणीतरी माझ्या ओल्या हातात हात घातला आणि घट्ट धरला.

"काय गं, मम्मी?"